गाणं तिच्याकडे गेलं

प्रिय धाकटे,

पत्र बघून आधी तू पाकीट उलटंसुलटं करशील आणि मग म्हणशील, ताईला झालंय तरी काय, फोन बिघडला की डोकं? दोन्ही ठणठणीत आहेत. पत्रच का लिहिलं ते शेवटी सांगते, आणि तुझी सवय मला ठाऊक आहे म्हणून आधीच बजावते, शेवटचं पान आधी उघडायचं नाही. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचा शेवट आधी वाचून मला सांगून टाकायचीस, त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. छापखान्यातली मशीनं बंद झाली की कागदाच्या गठ्ठ्यावर बस, चहा घे आणि सावकाश वाच.

तू पाठवलेलं तालमीचं ध्वनिमुद्रण मिळालं. सांगितलं होतं तसे चारही माइक बरोबर लावलेस, शाबास. एक तुझ्यापुढे, एक कागद कापायच्या मशीनजवळ आईच्या टोकाला, एक मध्ये पाववालीसमोर आणि एक मागे कुलूपवाल्याच्या डोक्यावर. माझ्याकडचे नवशिके पगार घेऊन इतकं नीट करत नाहीत. पण सोबतची तुझी चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. बाबांनी छापखान्यात गाण्याचं मंडळ सुरू केल्यापासून पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात गायचं बोलावणं आलंय, आणि गाणं दर तालमीला तिसऱ्या कडव्यात खाली घसरतंय. कुणीतरी एक जण सगळ्यांना ओढतंय. तुला चाळणी लावायची आहे, आणि तुझा पहिला संशय आईवर आहे. आई, तू आता गाऊ नकोस, असं तिच्या तोंडावर म्हणायची तुझी छाती होत नाही. म्हणून ते ताईने सांगायचं. ताईचं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, तिचा कान तयार, तिचा शब्द आई मोडणार नाही. थोडक्यात काय, वाईटपणा नेहमीप्रमाणे थोरलीच्या पदरात. पाळण्यात होतीस तेव्हापासून हेच चाललंय.

तर मी ऐकलं. एकेक माइक वेगळा काढून ऐकलं, सगळे एकत्र करून ऐकलं, पुन्हा वेगळे काढून ऐकलं. कोण उतरतं ते मला नक्की कळलेलं आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. नाव सांगणार आहे. पण त्याआधी तुला मुकाट्याने माझं थोडं ऐकून घ्यावं लागेल, कारण नुसतं नाव दिलं तर तू त्याचं काय करशील ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाला कोपऱ्यात घेशील, गोड बोलशील, आणि संध्याकाळी तालमीत त्याचा बसायचा गठ्ठा रिकामा असेल.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा जंगलात गेले तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस? शिकार करून, मध आणि कंद गोळा करून राहणाऱ्या माणसांची गाणी मुद्रित करायची, त्यात कसलं करिअर, असं म्हणाली होतीस. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मला तुझं पटायला लागलं होतं. मी माझ्या धंद्याच्या रीतीने कामाला लागले. यंत्र मांडलं, कानाला हेडफोन लावले, बाजूला एका ओंडक्यावर बसले आणि गाणं सुरू व्हायची वाट बघत राहिले. दुपारची वेळ, बायका टोपल्या विणत होत्या, एकीने गुणगुणायला सुरुवात केली, दुसरीने त्यात आपलंच काहीतरी मिसळलं, तिसरीने तिसरंच. कुणी एक दोन तीन म्हटलं नाही. मग हळूहळू सगळं थांबलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हातारी उठून आली, माझ्या शेजारी बसली आणि माझी समजूत काढायला लागली. भाषा कळत नव्हती, पण सूर कळत होता, आपण रुसलो की आई काढायची तो. दुभाष्या पोट धरून हसत होता. त्याने सांगितलं, इथे सगळे गात असताना गप्प बसणारा एकतर आजारी असतो नाहीतर रागावलेला. तुला ताप नाही हे तिने हात लावून बघितलंय, तेव्हा तू रागावलेली आहेस, आणि तुझा राग जाईपर्यंत कुणी गाणार नाही.

मला गाता येत नाही हे आपल्या घरात सर्वांना माहीत आहे. तरी गायले. काय गायले विचारू नकोस. म्हातारी खूश झाली आणि गाणं पुन्हा चालू झालं. त्या वस्तीत ऐकणारे असे कुणी नसतातच, धाकटे. गाणारे एकीकडे आणि टाळ्या वाजवणारे दुसरीकडे, ही वाटणीच तिथे नाही. जो तो आपली ओळ घेऊन येतो, दुसऱ्याच्या ओळीत जागा शोधून शिरतो, दम लागला की थांबतो, तोवर दुसरा ती जागा भरतो. कुणी कुणाची नक्कल करत नाही आणि कुणी कुणाला अडवतही नाही.

पण मी कुठली शहाणी व्हायला. मी विचारलं, तुमच्यात गाण्याचा मुख्य कोण? दुभाष्याला हा प्रश्न त्यांच्या भाषेत मांडायलाच बराच वेळ लागला. मग एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसरीकडे, तिसरीने एका रांगणाऱ्या पोराकडे, आणि शेवटी सगळ्यांनी एकमताने वस्तीतल्या कुत्र्याकडे. पुढे कितीतरी दिवस मी दिसले की कुणीतरी त्या कुत्र्याला आदराने बसायला जागा द्यायचं. हसून हसून मुरकुंडी वळायची सगळ्यांची. माझा पाणउतारा चालला होता हे मला जरा उशिराच कळलं.

खरी चूक मात्र पुढे झाली. एक उंच बाई होती, तिचा गळा असा होता की मी इतक्या वर्षांत तसा ऐकलेला नाही. मी तिचं तोंडभरून कौतुक केलं, माझी निळी शाल तिच्या खांद्यावर घातली, आणि दुसऱ्या दिवशी माइक नेऊन तिच्या पुढ्यात उभा केला. झालं! त्या दिवशी बाईसाहेबांनी तोंडच उघडलं नाही. झाडामागे बसून खालच्या आवाजात नुसतं हुंकारत राहिली. बाकीच्यांचं गाणंही उखडलं. आणि माझी शाल? सकाळी एकीच्या डोक्याला, दुपारी दुसरीच्या कमरेला, संध्याकाळपर्यंत तिची लहान मूल पाठीशी बांधायची झोळी झाली होती. त्या बाईनेच ती सगळ्यांत फिरवली होती, अंगावरची मुंगी झटकावी तशी. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात एक जण शिकार करून आला. आला आणि खाली मान घालून बसला. विचारलं तर म्हणाला, काही नाही मिळालं, एक मरतुकडं काहीतरी पडलंय तिकडे, आणायच्या लायकीचं नाही. मला बापडीला दया आली, मी जाऊन त्याचं सांत्वन केलं, होतं असं कधीकधी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मरतुकडं उचलायला निम्मी वस्ती लागली, इतकं मोठं जनावर होतं ते! आणि आणणारे वाटभर त्याला शिव्या घालत होते, ह्या हाडांच्या पिशवीसाठी आमचे पाय मोडलेस म्हणून. शिकारी स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसत होता. दुभाष्याने मला समजावलं, ज्याचा बाण वारंवार लागतो त्याच्या डोक्यात हवा जायला वेळ लागत नाही, आणि एकदा गेली की तो मांस वाटताना हात आखडतो आणि दुसऱ्यांना हुकूम सोडायला लागतो. म्हणून हवा जायच्या आधीच टाचणी लावायची. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्या उंच बाईला सगळ्यांदेखत हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि ती शहाणी पटकन खाली उतरली होती.

ती माणसं देवमाणसं आहेत असं समजू नकोस हं. मधाच्या वाटणीवरून अशी भांडतात की कान किटतात. पटेनासं झालं की चंबूगबाळं उचलून दुसऱ्या वस्तीत जाऊन राहतात. एक दांडगा गडी होता, त्याला सगळ्यांवर मुखत्यारी करायची भारी हौस. तर गाण्यात म्हाताऱ्या बायकांनी त्याची चाल, त्याचं नाक वर करून बोलणं, सगळं असं हुबेहूब काढलं, की पोरंसोरं लोळायला लागली. तो आधी लालबुंद झाला, मग त्यालाही हसू आवरेना. त्यानंतर निदान आठवडाभर तरी त्याने कुणाला काम सांगितलं नाही. बाबा असते तर त्यांना हे फार आवडलं असतं. आठवतं ना, छापखान्याचं दार पावसापाण्याने फुगून घट्ट बसायचं, आणि कुणी विचारलं की तुमच्या मंडळात यायला काय परीक्षा आहे, तर बाबा म्हणायचे, तेवढं दार ढकलून आत या, झाली परीक्षा.

आता तुझ्या तिसऱ्या कडव्याकडे येते. शेवटच्या खेपेला मी गेले, तेव्हा माझी समजूत काढणारी ती म्हातारी खूप थकली होती. कानांनी गेली होती. दिवसभर गात असायची, पण सूर कुठे आणि ती कुठे. माझ्या हेडफोनमध्ये ते इतकं बोचायला लागलं की मी दुभाष्याला म्हटलं, आजींना जरा पलीकडे बसवता येईल का, फक्त मुद्रण होईपर्यंत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य भाषांतर न करताच तो लाकडं आणायला निघून गेला. संध्याकाळी मी मुद्रण वस्तीत सगळ्यांना ऐकवलं. मला वाटलं होतं, आता तरी त्यांच्या लक्षात येईल. कुणालाच काही खटकलं नाही. मी ती जागा पुन्हा लावली, म्हटलं, इथे, इथे आजी चुकल्या. ती उंच बाई माझ्याकडे बघून म्हणाली, कुठे चुकल्या? गाणं तिच्याकडे गेलं.

मला तेव्हा ते नुसतं गोड बोलणं वाटलं. घरी येऊन एकेक माइक वेगळा काढला तेव्हा कळलं की ती अगदी शब्दशः खरं बोलत होती. म्हातारी उतरते, तशी तिच्या शेजारची आपली ओळ किंचित खाली घेते. मग तिच्या शेजारची. मग समोरचे पुरुष, मग पोरं. दोन श्वासांत सगळं गाणं उचलून तिच्या पायाशी आणून ठेवलेलं असतं, आणि म्हातारी बरोबर सुरात! कुणी ठरवलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. त्यांना विचारलं असतं तर आम्ही काय केलं हे सांगताही आलं नसतं.

आपल्या मुद्रणात नेमकं तेच आहे, धाकटे. म्हणून तर तुला चूक सापडत नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे ठीक असतात. मग वरच्या सुरांवर एक आवाज उतरतो, आणि पहिली त्याच्यामागे जाते ती आपली आई. तिचा आवाज बारीक झालाय, दम पुरत नाही, पण सूर असा बसलेला की मी माझ्या यंत्रावर ताडून बघितला आणि यंत्राचीच शंका आली. ती त्या आवाजाला एकटं पडू देत नाही. ती खाली जाते म्हणून पाववाली जाते, पाववाली जाते म्हणून मागचा कुलूपवाला, तो कुरकुरत जातो, त्याचं हुं ऐकू येतं मुद्रणात. शेवटी पोस्टवालासुद्धा, ज्याला तू ठोंब्या म्हणतेस. चाळणी लावलीस तर खाली पडतील ते हेच, आधी आई आणि मग एकेक. त्या आवाजाच्या मदतीला धावणारी माणसं गळतील, आणि तो आवाज मोठ्या सभागृहात एकटा उभा राहील.

आता नाव. उतरतेस ती तू. तुझ्यापुढच्या माइकवर ते अगदी स्वच्छ आहे. चिडू नकोस, आधी आठवून बघ. नवा कारागीर तोंडातल्या तोंडात बोलतो, अशी तक्रार तूच केलीस. आई जेवताना ओरडून बोलते, तिलाच कमी ऐकू येत असणार, हेही तुझंच. फोन तू कधीपासून डाव्या कानाला लावतेस? इतकी वर्षं ते मोठं मशीन तुझ्या उजव्या हाताला खडखडतंय, आणि तालमीत आईसुद्धा तुझ्या उजव्या हाताला उभी असते. तिचा आवाज तुझ्यापर्यंत अर्धाच पोचतो, आणि तेवढ्यावरून तू तिला बेसूर ठरवलंस, वेडाबाई. आता तुझं पुढचं वाक्य मला ठाऊक आहे, मग मीच बाहेर होते. खबरदार! बाबांचं दार तू ढकलून आत आलेली आहेस, आता तुला कुणी काढणार नाही, तुलाही नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, मशीनपाशी कानात बोळे घालायचे, सुरुवातीचा सूर देणारा स्वरकाटा आईच्या हातात द्यायचा, ओळी मोडून सगळ्यांना गोल उभं करायचं, आणि सभागृहात सगळ्यांनी मिळून जायचं. सूर खाली गेला तर जाऊ दे. सगळे मिळून गेले तर तिथे तोच सूर. मी सांगते ना, माझा कान तयार आहे.

आणि पत्र का, ते. परवा फोनवर मी हे सांगायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, धाकटे, तुझ्या कानाबद्दल बोलायचंय. तू म्हणालीस, काय? मी पुन्हा म्हटलं. तू पुन्हा म्हणालीस, काय, नीट बोल गं, हल्ली तूसुद्धा पुटपुटायला लागलीस. तिसऱ्यांदा मला ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि छापखान्यातल्या सगळ्यांनी ते तुझ्याआधी ऐकलं असतं. एवढी एक गोष्ट मला तुझ्यावर ओरडून सांगायची नव्हती. म्हणून लिहिली. येत्या तालमीला मी येते आहे, माइक न घेता. मला गाता येत नाही, पण दार ढकलता येतं. गोलात तुझ्या उजव्या हाताला आईजवळ माझी जागा ठेव.

तुझीच,
अजून तितकीच बेसूर,
ताई